‘ह’ला दोन रेघा दिल्या की ‘ब’ कसा होतो? जपानी काना, आपली वर्णमाला आणि सोलापूरचं दूध



आज समोर तीन तऱ्हेचे श्रोते दिसतायत. काहीजण जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करतायत, पुढे तिकडे नोकरीला जायचं आहे. काही त्यांचे आईवडील आहेत. आणि बाकीचे आपले नेहमीचे. त्यांना जपानीशी काही देणंघेणं नाही, पण ऐकायला आवडतं म्हणून येतात. आजचा विषय तिघांच्याही उपयोगाचा आहे.

मागचं व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीनं आम्हाला थांबवलं. म्हणाली, “सर, जपानी ‘क’ला दोन रेघा दिल्या की ‘ग’ होतो, हे कळलं. ‘त’ला दिल्या की ‘द’, तेही कळलं. पण ‘ह’ला दिल्या की ‘ब’ होतो, हे काय लॉजिक? हे पाठच करायचं का?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. पाठांतराला कंटाळूनच बरीच मुलं ही भाषा अर्ध्यावर सोडतात. आम्ही तिला म्हटलं, पाठ करू नकोस. याचं उत्तर तुझ्या पहिलीच्या पुस्तकात आहे, थोडंसं गोव्यात आहे, आणि उरलेलं इथे सोलापुरात, दूधवाल्याच्या दारात आहे. ती हसली. पण आम्ही ते गमतीनं म्हटलं नव्हतं. आज तेच नीट उलगडून सांगतो.

आधी गळ्यावर हात ठेवा

सगळ्यांनी एकदा गळ्यावर बोटं ठेवा. ‘साप’ म्हणताना पहिला ‘स्’ लांबवा: स्स्स्स. बोटांना काही जाणवत नाही. आता ‘जास्त’ मधला ‘ज’ घ्या आणि तोही तसाच लांबवा. बोटांना थरथर जाणवेल. जीभ जवळपास तिथेच आहे, हवाही बाहेर पडतेच आहे. फरक एवढाच की आता घशातले स्वरतंतू कंप पावतायत.

हाच फरक ‘क’ आणि ‘ग’मध्ये, ‘त’ आणि ‘द’मध्ये, ‘प’ आणि ‘ब’मध्ये आहे. संस्कृत व्याकरणानं त्यांना अघोष आणि घोष म्हटलं. आपण शाळेत कठोर आणि मृदू व्यंजनं म्हणून शिकलो. जपानीत एकाला ‘सेइओन’ म्हणजे स्वच्छ आवाज आणि दुसऱ्याला ‘दाकुओन’ म्हणजे गढूळ आवाज म्हणतात. बघा, एकाच थरथरीला कुणी नाद म्हटलं, कुणी मऊपणा म्हटला, तर कुणाला पाणी ढवळल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न असा की ही थरथर लिहायची कशी? देवनागरीनं दोन वेगळी अक्षरं दिली. ‘क’ बघून ‘ग’ ओळखता येत नाही, दोन्ही स्वतंत्र शिकावी लागतात. तेलुगू आणि कन्नड लिप्यांतही तसंच. तमिळनं उलट केलं: क, ख, ग, घ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर, आवाज कुठला काढायचा ते शब्दातली जागा सांगते. जपानीनं मधला रस्ता काढला. अक्षर तेच ठेवायचं आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक तिरक्या रेघा द्यायच्या. या खुणेला ‘दाकुतेन’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘तेन-तेन’.

हिरागाना घ्या किंवा काताकाना, मूळ अक्षरं 46. त्यातल्या क, स, त, ह या चार ओळींना रेघा लागतात. प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, म्हणजे वीस नवी अक्षरं तयार झाली. शिवाय फक्त ‘ह’च्या ओळीला एक छोटासा गोलही देता येतो, आणि मग तिचा ‘प’ होतो. त्या गोलाला ‘हान्दाकुतेन’ म्हणतात, म्हणजे अर्धा गढूळ.

या दोन रेघांना हलक्यात घेऊ नका. ‘किन’ म्हणजे सोनं, रेघा दिल्या की ‘गिन’ म्हणजे चांदी. ‘तेन्की’ म्हणजे हवामान, ‘देन्की’ म्हणजे वीज. ‘दाइगाकु’ म्हणजे विद्यापीठ, आणि पहिल्या अक्षरावरच्या रेघा विसरलात तर ‘ताइगाकु’, म्हणजे शिक्षण सोडून देणं! अर्ज भरताना ही चूक परवडायची नाही.

पहिलीच्या पुस्तकातलं उत्तर

आता ‘ह’कडे येऊ. क आणि ग दोन्ही जिभेच्या मागच्या भागाचे. त आणि द दोन्ही जिभेच्या टोकाचे. म्हणजे रेघांचं काम ठरलेलं आहे: तोंडातली जागा बदलायची नाही, फक्त थरथर आणायची. मग ‘ह’ घशातला आणि ‘ब’ ओठांचा, ही जोडी जमते कशी? ‘ब’ची खरी जोडी ‘प’शी आहे, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

त्यासाठी जपानी अक्षरांचा क्रम बघा. स्वर आहेत अ, इ, उ, ए, ओ. ओळखीचे वाटले ना? पुढे व्यंजनांच्या ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. आता आपली वर्णमाला मनात म्हणा: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, मग य, र, ल, व. जपानी क्रम हा आपल्याच क्रमाचा सांगाडा आहे, आणि हे काही योगायोगानं झालेलं नाही.

बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू 736 मध्ये जपानला पोचला आणि 752 मध्ये नारा इथल्या तोदाइ-जी मंदिरातल्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी त्यानंच केला. पुढे 806 मध्ये कूकाइ हा जपानी भिक्षू चीनमधून परतला तो सिद्धम् लिपीतले ग्रंथ घेऊन. ही लिपी म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. जपानीत तिला ‘शित्तान’ म्हणतात, आणि तिथल्या स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर ती आजही लिहिली जाते. आपल्याकडे मुलाच्या अक्षरओळखीला ‘ओनामा’ म्हणत, तो शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या आरंभवचनातून आलेला. शित्तान आणि ओनामा या दोन्हीच्या मुळाशी ‘सिद्धम्’ हा एकच शब्द आहे.

मंत्रांचे उच्चार अचूक व्हावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम् वर्णमाला शिकत. तेच शास्त्र त्यांनी स्वतःच्या भाषेला लावून पाहिलं, आणि अकराव्या शतकापासून आपल्याला असे ध्वनींचे तक्ते मिळतात. सुरुवातीच्या तक्त्यांत ओळी मागेपुढे आहेत, नंतर भारतीय क्रम पक्का झाला.

आता या क्रमात चूक शोधा. त नंतर न, हे बरोबर, कारण तवर्गाचं अनुनासिक न. म हे पवर्गाचं अनुनासिक. मग न आणि म यांच्या मधे कोण हवं? प! पण तिथे बसलाय ह. आपल्या वर्णमालेत ‘ह’ पार मागे, श, ष, स यांच्याही नंतर येतो. त्या भिक्षूंना उच्चारस्थानं पाठ होती. त्यांनी ही ओळ ‘म’च्या शेजारी बसवली, कारण त्यांच्या काळी तो आवाज ओठांचाच होता. आवाज पुढे बदलला, खुर्ची मात्र तीच राहिली.

जाता जाता ‘स’चंही सांगून टाकू. तो ‘च’च्या जागेवर बसलाय. जुना जपानी ‘स’ आपल्या ‘च’च्या जवळचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्याला ही जागा हा एक आधार आहे.

गोव्याचा कागद आणि एक कोडं

तुम्ही म्हणाल, नुसत्या जागेवरून एवढा निष्कर्ष? पुरावा दाखवा. दाखवतो.

फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून जपानला गेला. त्याच्या मागून गेलेल्या जेझुइटांनी 1590 मध्ये युरोपातून गोव्यामार्गे तिथे छापखाना नेला. त्यांनी 1603 मध्ये नागासाकीत जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यात जपानी शब्द रोमन लिपीत आहेत. आज ज्याला ‘हाना’ म्हणतात, म्हणजे फूल, तो शब्द तिथे ‘फाना’ असा लिहिलाय. परक्या माणसानं कानाला आलं तसं लिहिलं, आणि आपल्याला चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार मिळाला. गोव्यात त्याच सुमारास फादर स्टीफन्ससारखे जेझुइट मराठीही रोमन लिपीत लिहीत होते. त्यामुळे त्या काळच्या बोलीचा अभ्यास करताना आपल्यालाही असलाच फायदा होतो.

दुसरा पुरावा गमतीदार आहे. 1516 च्या एका जपानी कोडेसंग्रहात असं विचारलंय की आईसाठी दोनदा भेटतात, वडिलांसाठी एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर आहे ओठ. जपानीत आई म्हणजे ‘हाहा’ आणि वडील म्हणजे ‘चिचि’. आज ‘हाहा’ म्हणताना ओठ अजिबात जवळ येत नाहीत, म्हणजे कोडं फसतं. पण तेव्हा तो शब्द ‘फाफा’सारखा उच्चारला जात होता, ओठ दोनदा जवळ येत होते, आणि ऐकणारा हसत होता.

म्हणजे साखळी अशी आहे: खूप जुन्या काळी प, मग ओठ सैल पडून फ, मग ओठ पार बाजूला आणि उरला ह. मधल्या पायरीचा अवशेष आजही आहे. या ओळीतलं ‘उ’चं अक्षर हु न होता फु-सारखंच उच्चारलं जातं, म्हणून तो पर्वत फुजी. ओठ सैल कसे पडतात, याचा अंदाज तुम्हाला घरातच येईल. आजीचा ‘फळ’ ऐका आणि नातवाचा ‘फळ’ ऐका. आजी ओठ मिटून उघडते, नातू नुसती हवा सोडतो.

या सगळ्या काळात ‘ब’ मात्र जागचा हलला नाही. जोडीदार घर सोडून गेला, हा तिथेच राहिला. लिहिण्यात मात्र जोडी कायम राहिली. म्हणून ‘ह’ला रेघा दिल्या की ‘ब’. लॉजिक अगदी शाबूत आहे, फक्त ते जुन्या उच्चाराचं आहे.

सोलापूरचं दूध

आता दूधवाल्याच्या दारात चला. आपल्या गावात हे सहज ऐकायला मिळतं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात दुधाला तेलुगूत म्हणतात ‘पालु’. अक्कलकोटकडच्या किंवा दक्षिण सोलापूरच्या कन्नड घरात म्हणतात ‘हालु’. साप, तेलुगूत ‘पामु’, कन्नडमध्ये ‘हावु’. वाघ, ‘पुलि’ आणि ‘हुलि’. फूल, ‘पुव्वु’ आणि ‘हूवु’. खेडं, ‘पल्ले’ आणि ‘हळ्ळी’. म्हणून आंध्रात मदनपल्ले, आणि बंगळुरूत, जिथे आपली निम्मी पोरं नोकरीला आहेत, तिथे मारतहळ्ळी.

एखादा शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल. इथे ओळीनं जुळतायत. तमिळमध्येही दूध ‘पाल’ आणि वाघ ‘पुलि’ आहे, म्हणजे मूळ आवाज ‘प’. कन्नडमध्ये तो बदलला. दहाव्या शतकाच्या सुमारापासून कन्नड शिलालेखांत ‘प’च्या जागी ‘ह’ दिसायला लागतो, आणि पुढच्या तीन-चार शतकांत शब्दाच्या सुरुवातीचा देशी ‘प’ जवळजवळ सगळा ‘ह’ झाला. पंपा या नावाचं हंपी झालं ते असंच. आपले सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. म्हणजे हा बदल चालू असतानाच ते या गावात वावरत होते.

म्हणजे ‘प’चा ‘ह’ होणं ही काही जपानी लोकांची खास लहर नाही. तेच वळण आपल्या शेजारच्या घरातल्या भाषेनंही घेतलं. जपानी आणि कन्नड नात्याच्या भाषा आहेत, असं आम्ही म्हणत नाही. माणसाचं तोंड सगळीकडे सारखंच, म्हणून आवाजांच्या वाटाही सारख्या निघतात, एवढंच.

आणि दोन्हीकडे पुढची गंमतही तीच. नवे शब्द आले ते ‘प’ घेऊनच. कन्नडमध्ये पुस्तक हे ‘पुस्तक’च राहिलं, त्याचं ‘हुस्तक’ झालं नाही. जपानीत पोर्तुगीजांबरोबर ब्रेडसाठी ‘पान’ हा शब्द आला. आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दातून आलेला. आता ‘पान’ लिहायचा कसा? घरचा ‘प’ तर निघून गेलेला! ‘ह’वर छोटा गोल देऊन ‘प’ दाखवायची रीत जेझुइटांनी 1598 मध्ये जपानात छापलेल्या ‘राकुयोशू’ या कोशात पद्धतशीर वापरलेली दिसते. निघून गेलेला ‘प’ परत आला, पण गोलाची चिठ्ठी घेऊन.

रेघा नव्हत्या तेव्हा

एक गोष्ट नव्या विद्यार्थ्यांना खरी वाटत नाही. या रेघा सगळीकडे सक्तीच्या झाल्या त्या फार उशिरा. त्यांचं मूळ भिक्षूंच्या पोथ्यांत आहे. अक्षराच्या कोपऱ्यात टिंब देऊन ते स्वराचा चढउतार दाखवत, आणि आवाज घोष असेल तर टिंबं दोन देत. तीच दोन टिंबं हळूहळू उजव्या खांद्यावर स्थिरावली. तरीही गंभीर लिखाणात रेघा गाळायची रीत होती. 1889 ची जपानी राज्यघटना काताकानात रेघांशिवाय लिहिलेली आहे. ‘बेकाराझु’ म्हणजे ‘करता कामा नये’, हा कायद्यातला नेहमीचा शब्द, तिथे तो ‘हेकारासु’ असा दिसतो.

मग वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा नाही का? आपला होतो का, ते सांगा. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू सुखानं जग’, यात ‘ज’ दोन वेगळे आहेत. ‘चार माणसं’ आणि ‘गाईचा चारा’, यात ‘च’ दोन वेगळे. आपण खूण करतो का? नाही. संदर्भानं कळतं. पण मराठी शिकायला आलेल्या परक्या माणसाला विचारा, तो रडकुंडीला येतो. जपानी ‘त्सु’ त्याला जड जाईल, तुम्हाला नाही, कारण ‘चूक’ शब्दातला ‘च’ म्हणजेच तो आवाज.

संधी आठवा

परीक्षेवाल्यांसाठी शेवटचा मुद्दा. जपानीत दोन शब्द जोडले की दुसऱ्याचं पहिलं अक्षर अनेकदा घोष होतं. ‘ओरि’ म्हणजे घडी, ‘कामि’ म्हणजे कागद, मिळून ओरिगामी. ‘ते’ म्हणजे हात, त्याला कामि जोडला की ‘तेगामि’, म्हणजे पत्र. ‘हाना’ म्हणजे फूल आणि ‘हि’ म्हणजे आग, मिळून ‘हानाबि’, म्हणजे शोभेची दारू.

आपल्याकडे जगत् अधिक ईश, जगदीश. वाक् अधिक ईश, वागीश. अप् अधिक ज, अब्ज. तृतीय व्यंजन संधी! नियम हुबेहूब एक नाहीत. आपल्याकडे पहिल्या शब्दाचा शेवट बदलतो, त्यांच्याकडे दुसऱ्याची सुरुवात. पण कठोराचा मृदू होणं तेच. आणि हानाबिमध्ये ‘हि’चा ‘बि’ झाला, म्हणजे जुना ‘पि’ पुन्हा दिसलाच.

याला अपवाद आहेत. दुसऱ्या शब्दात आधीच असा एखादा घोष आवाज असेल तर बदल सहसा होत नाही. ‘काझे’ म्हणजे वारा, त्यात ‘झ’ आहेच, म्हणून ‘कामिकाझे’, ‘कामिगाझे’ नाही. हा नियम बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकी भूगर्भतज्ज्ञाच्या नावानं ओळखला जातो. जपानला जाण्याआधी त्यानं आपल्या पंजाबात खनिज तेलाची पाहणी केली होती.

आणि तिन्ही आवाज एकत्र बघायचे असतील तर पेन्सिली मोजा. एक पेन्सिल ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘सान्बोन’. शब्द एकच, प, ह, ब तिन्ही हजर. देशाचं नावही बघा, ‘निहोन’ आणि ‘निप्पोन’ दोन्ही चालतं. जोडाक्षराच्या आधारानं जुना ‘प’ तिथे टिकून राहिला.

शेवटी एक प्रश्न

समोरून प्रश्न आलाय, वाचून दाखवतो: “म्हणजे कन्नडमध्ये आणि जपानीत मूळ आवाज बिघडला, असंच ना?”

हा शब्द तेवढा वापरू नका, ही विनंती. आपल्या गावात हे फार चालतं. कुणाची तेलुगू आंध्रवाल्यांना अशुद्ध वाटते, कुणाच्या कन्नडला धारवाडकडचे हसतात, आणि आपल्या सोलापुरी मराठीला पुण्यात काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बिघाड झाला असता तर तो कसाही झाला असता, कुठे प, कुठे क, कुठे काहीच नाही. इथे ‘पालु-हालु’, ‘पुलि-हुलि’ अशी रांग लागते. जिथे रांग लागते तिथे नियम असतो, आणि नियमानं बदललेल्या गोष्टीला अशुद्ध म्हणता येत नाही. ‘हालु’ म्हणणारी आजी चुकत नाही, आणि ‘पालु’ म्हणणारीही नाही.

तेव्हा परीक्षेवाल्यांनो, रोमन अक्षरांतून जपानी शिकत असाल तर आज ती वही बाजूला ठेवा. एका कोऱ्या पानावर आपली वर्णमाला लिहा, शेजारी जपानी ओळी मांडा, आणि ‘ह’च्या ओळीसमोर पेन्सिलीनं ‘प’ लिहून ठेवा. वीस अक्षरांचं पाठांतर वाचेल. आणि ज्यांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांनी आजी-आजोबांकडून ‘प’ आणि ‘ह’च्या जोड्या गोळा करून पुढच्या वेळी घेऊन या. आपण त्या इथे फळ्यावर लिहू.